स्मार्ट वजनकाटा, गणपतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत: वापरानंतरचा अनुभव

हा काटा घ्यावा का, एवढंच विचारायचं असेल तर उत्तर सोपं आहे. वजन बघायला जरूर घ्या, त्यावर दिसणाऱ्या बाकीच्या डझनभर आकड्यांसाठी घेऊ नका. पण माझ्यासारखं ज्यांचं वजन वर्षानुवर्षं उतरतं आणि परत चढतं, आणि दर वेळी मन जास्तच विटतं, त्यांचं एवढ्यावर भागणार नाही. काटा कोणता घ्यायचा यापेक्षा तो वाचायचा कसा, हे त्यांना आधी कळायला हवं. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

माझं वय 46, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टला आणि तीही बसून करायची. रात्रीचं जेवण बंद, भात बंद, दिवसातून दोनदाच जेवण, जिमचं वर्षाचं पॅकेज, डबा घरपोच देणारं डाएट सेंटर, सगळं करून झालंय. यातल्या प्रत्येकाने वजन उतरलं, हे आवर्जून सांगते. आणि प्रत्येकानंतर ते परत आलं, कधी कधी व्याजासकट. भूक सहन करता येते. पहाटे उठून चालायला जाता येतं. पण महिनाभर सगळं नीट केल्यावर काट्यावर उभं राहावं आणि आकडा होता तिथेच, किंवा थोडा वरच, तेव्हा जे वाटतं ते कोणाला सांगताही येत नाही. त्यात हळदीकुंकवाला कोणीतरी हमखास म्हणतं, "भरलीस गं!" त्या दिवशी घरी आल्यावर जेवण जास्त जातं, आणि ते भुकेपोटी नसतं.

आता काट्याबद्दल. वर काच, खाली चार पाय, प्रत्येक पायात भार मोजणारा सेन्सर, आणि पावलं टेकवायला धातूच्या पट्ट्या. किंमत दोन हजारांच्या आत. रिमोटला लागतात तसले सेल लागतात आणि ते बरेच महिने चालतात. वजनाच्या बाबतीत काटा चोख आहे. मी तपासून पाहिलं: आधी नुसती उभी राहिले, मग तांदळाची 5 किलोची सीलबंद पिशवी हातात घेऊन. फरक 5 किलोच्या आसपास आला, फार तर 100 ग्रॅम इकडेतिकडे. लागोपाठ उभं राहिलं तरी आकडा तोच येतो. अट एकच, जागा बदलायची नाही. बाथरूमच्या उताराच्या लाद्यांवर तो वेगळं वजन दाखवतो, चटईवर आणखी वेगळं. आमच्याकडे कपाटाशेजारच्या एका सपाट लादीवर खडूने चार खुणा केल्यात, वजन करताना काटा नेहमी त्याच खुणांवर ठेवायचा.

पहिले काही आठवडे मात्र याच चोखपणाचा फार त्रास झाला. जुना स्प्रिंगचा काटा किलो-दीड किलोचा फरक दाखवायचाच नाही. हा 50 ग्रॅमसुद्धा दाखवतो, आणि माणसाचं वजन दिवसभरात सहज किलोभर वरखाली होतं.

याचं एक उदाहरण देते. नाशिकला भाच्याची हळद होती. दुपारी मसालेभात, अळूवडी, जिलबी, मठ्ठा, संध्याकाळी परत फरसाण. दुसऱ्या दिवशी रात्री घरी, तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर. निघण्यापूर्वीपेक्षा 1.8 किलो जास्त. एरवी अशा सकाळी मी सगळं सोडून दिलं असतं. या वेळी कागद घेऊन बसले. एक किलो चरबीत ढोबळमानाने 7,700 कॅलरी असतात. म्हणजे 1.8 किलो चरबी चढायला गरजेपेक्षा जवळपास 14,000 कॅलरी जास्त खायला हव्यात. माझं दिवसाचं खाणं साधारण 1,800 ते 2,000 कॅलरीचं. म्हणजे एका दिवसात आठवडाभराचं जेवण जास्तीचं जेवले असते तरच ती चरबी असती. एका हळदीत ते शक्यच नाही. मग ते होतं काय? पोटातलं न पचलेलं अन्न, मिठाने धरून ठेवलेलं पाणी, आणि ग्लायकोजेन. भात-जिलबीतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्या आठवड्यात मी वेगळं काही केलं नाही, नेहमीचं जेवले, नेहमीसारखी चालले. शनिवारपर्यंत आकडा परत जागेवर.

हेच उलटही होतं, आणि माझ्या मते सगळ्या निराशेचं मूळ तिथे आहे. भात-पोळी बंद केली की पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात. आपण हरखून जातो, डाएट सेंटरवाले त्याचीच जाहिरात करतात. पण त्यातलं बरंचसं ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चरबी खरोखर कमी होत असते, पण तिचा वेग आठवड्याला काहीशे ग्रॅम, आणि पाण्याचा चढउतार किलोभर. आकडा थांबलेला दिसतो. बरोबर त्या वेळी आपण हातपाय गाळतो.

त्यावर मी जे केलं ते काट्याच्या फोनवरच्या ॲपमध्ये नाही, वहीत आहे. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचं, लिहायचं आणि त्यावर विचार करायचा नाही. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढायची आणि ती मागच्या रविवारच्या सरासरीशी ताडून बघायची. बायकांनी आणखी एक करावं. पाळीच्या आधी काही दिवस अंगात पाणी साचतं, काहींचं वजन किलो-दोन किलोनेही वाढतं. म्हणून पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या महिन्यातल्या तशाच आठवड्याशी ताडावा, गेल्या आठवड्याशी नको. ही एक गोष्ट मला विशीत कोणी सांगितली असती तर किती रडणं वाचलं असतं! व्यायाम नव्याने सुरू केल्यावरही असंच होतं. दुखऱ्या स्नायूंत पाणी धरलं जातं आणि पहिला पंधरवडा वजन हलत नाही.

गणपतीच्या आठवड्याची सरासरी 81.6 होती, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्याची 78.9. मधे दिवाळीत ती वर गेली, फेब्रुवारीत महिनाभर ढिम्म हलली नाही. पण वहीतल्या रेघेकडे पाहिलं की ती उतरतेय हे दिसतं. आणि मला पहिल्यांदाच फेब्रुवारीत सगळं सोडून द्यावंसं वाटलं नाही.

फॅट टक्केवारी, व्हिसरल फॅट (पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी), "शरीराचं वय" वगैरे आकड्यांचं काय? पावलांखालच्या पट्ट्यांतून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडला जातो. पाणी जास्त असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून अडखळतो. त्या अडथळ्यावरून आणि आपण भरलेल्या वय-उंचीवरून काटा अंदाज बांधतो. प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, म्हणजे कमरेच्या वरचं सगळं जवळपास अंदाजानेच. आंघोळीनंतर ओल्या पायांनी उभी राहिले तर माझी चरबी एकदम तीन टक्क्यांनी बदलली. असल्या आकड्यावर आनंद किंवा दुःख करू नये. मी ते ॲपमध्ये लपवून ठेवलेत.

चरबी किती हा प्रश्न मात्र आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्याही पोटात चरबी असते ती अशी. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची मर्यादा 25 ऐवजी 23 धरतात, आणि कमरेचा घेर बाईचा 80 सेंटिमीटर, पुरुषाचा 90 सेंटिमीटर, याच्या वर नको म्हणतात.

त्यामुळे या काट्यापेक्षा जास्त उपयोग मला सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातल्या टेपचा झाला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. सासूबाई स्वतः माप घेतात, कारण ब्लाउजची मापं घेण्यात त्यांची हयात गेलीय आणि टेप पाठीमागे वर सरकला की त्यांना लगेच कळतं. "ढिला सोड गं, मी काही रागावत नाहीये," म्हणतात. महिन्यातून एकदाच. 98 वरून 92 झालंय. फेब्रुवारीत वजन ढिम्म होतं तेव्हाही टेपवर एक सेंटिमीटर कमी झालेला दिसला होता.

आता मनाचा भाग. वजन परत येतं तेव्हा सगळे, आणि आपणही, आपल्या जिभेवर खापर फोडतो. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं की शरीर उतरलेलं वजन परत मिळवायला धडपडतं. 2011 साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांची भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही चढलेली होती आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरलेली. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं आणि त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. हा 2016 सालचा अभ्यास. 2025 पासून आपल्याकडे वजनासाठी सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं मिळू लागलीत. त्यातही सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलंय. म्हणजे औषधाने उतरलं तरी शरीर तेच करतं. हा आळस नव्हे, चारित्र्याचा दोष तर मुळीच नव्हे. ज्या बायका वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसल्यात त्यांना हे हात धरून सांगावंसं वाटतं.

आणखी एक अभ्यास मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूचा, 2006 सालचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली 531 माणसं, तीनेक वर्षं. चालणं आणि आहार सुधारलेल्यांमध्ये मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला. आणि त्यांचं वजन? जवळजवळ उतरलंच नव्हतं. माझ्या वडिलांना मधुमेह होता, मलाही डॉक्टरांनी सावध केलेलं. म्हणजे काटा हलला नाही तरी जेवणानंतर चाललेली वीस मिनिटं वाया जात नाहीत. लोकलमधून उतरल्यावर रिक्षा न करता चालत येते ती याच्या भरवशावर.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन यावं हेही खरं. थायरॉइड कमी असेल तर वजन वाढतं, पण साधारणपणे थोडंच, तीन-चार किलो, आणि त्यातलंही बरंच पाणी. सगळं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही, पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्यावी. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधं यांनीही वजन वाढतं. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना पर्याय विचारावा.

ॲपबद्दल तक्रार आहे. वजन वाढलं की लाल बाण, कमी झालं की फटाके. सकाळी साडेसहाला "आज तुम्ही वजन केलं नाही" असा निरोप. आधीच दुखावलेल्या माणसाशी असं वागू नये. नोटिफिकेशन पहिल्याच आठवड्यात बंद केली. नोंदणी करताना फोन नंबर, जन्मतारीख, लोकेशन सगळं मागतात. लोकेशन दिलं नाही तर फोनशी जोडणीच होत नव्हती. वजनासाठी ॲपची गरज नाही, आकडा काट्यावर दिसतोच.

कोणी घेऊ नये, हेही लिहिते. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे वीजप्रवाहाचे काटे वापरू नयेत, माहितीपुस्तिकेतही तसं छापलंय. ज्यांना उपाशी राहण्याचा किंवा खाऊन ओकण्याचा त्रास कधी होता त्यांनी रोजच्या वजनाच्या फंदात पडूच नये, आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. आणि ज्यांचा दिवस सकाळच्या आकड्यावर ठरतो त्यांनीही नको. माझ्या धाकट्या बहिणीचं तसं आहे. तिने चार दिवस वापरला आणि परत दिला. तिला मी फक्त टेप दिलाय, महिन्यातून एकदा मोजते, आणि जिना चढताना दम लागतो का ते बघते. तिचं बरं चाललंय.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मात्र मी काट्यावर उभं राहू देत नाही. तिचं वजन ठीक आहे, तिला तो आकडा रोज कळायची गरज नाही. वजन झालं की काटा कपाटाखाली सरकवून ठेवते.

घेणाऱ्यांसाठी दोन शब्द: काच गोलसर कडांची बघा, टोकदार कोपरे पायाला लागतात. बिल जपून ठेवा, वॉरंटीला लागतं. आणि किलो-पौंड बदलायचं बटण मागच्या बाजूला असतं, पुसताना ते दाबलं गेलं तर आकडा अचानक 174 दिसेल, घाबरू नका.