साकीनाक्याच्या गाळ्यात ईएसपी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

साकीनाक्यातील आमच्या गाळ्यात चार सीएनसी लेथ आणि एक सरफेस ग्राइंडर आहे. कूलंटचा तेलकट धूर छताच्या पत्र्याखाली साचून राही आणि ट्यूबलाइटवरसुद्धा चिकट थर बसे. म्हणून गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही मुंबईतीलच एका उत्पादकाकडून 2,000 सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला 2,000 घनफूट हवा खेचणारा) ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने हवेतील कण पकडणारा इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, बसवून घेतला. अर्धा पावसाळा सोसून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

यंत्र दोन टप्प्यांचे आहे. पहिल्या टप्प्यात टंगस्टनच्या बारीक तारांवर सुमारे 12,000 व्होल्टचा धन विद्युतदाब असतो. त्यामधून जाताना कण विद्युतभारित होतात आणि पुढे जेमतेम 6 मिलिमीटर अंतराने उभ्या केलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटांना चिकटतात. औष्णिक वीजकेंद्रातील ईएसपीमध्ये तारांवर ऋण दाब असतो, प्लेटांत 300 ते 400 मिलिमीटर अंतर असते आणि साचलेली राख हातोड्यांनी ठोकून पाडावी लागते. आमच्याकडे तेल आपोआप ओघळून तळाच्या ट्रेमध्ये जमते. शुद्ध केलेली हवा पुन्हा गाळ्यातच सोडायची असल्याने या दाबामुळे तयार होणारा, श्वासाला त्रासदायक ओझोन वायू कमी व्हावा म्हणून इथे धन दाब वापरतात, आणि ही निवड योग्यच आहे.

खरी तक्रार आकड्यांची आहे. माहितीपत्रकात 95 टक्के कार्यक्षमता ठळकपणे छापली होती, पण ती 1,000 सीएफएमसाठी होती, हे तळाशी बारीक अक्षरांत होते. ईएसपीची कार्यक्षमता काढण्याच्या डॉइचच्या सूत्रानुसार प्लेटांचे क्षेत्रफळ तेवढेच ठेवून हवा दुप्पट केली, तर निसटणारे कण 5 टक्क्यांवरून सुमारे 22 टक्क्यांवर जातात, म्हणजे कार्यक्षमता 78 टक्क्यांपर्यंत घसरते. संध्याकाळी दिव्याभोवती दिसणारी धूसर झाक त्याचीच साक्ष देत होती. मागे तसाच दुसरा सेल (तारा आणि प्लेटांचा संच) जोडल्यावर ती झाक गेली. ईएसपी घेताना टक्केवारी विचारण्याआधी ती किती हवेसाठी आहे आणि प्लेटांचे एकूण क्षेत्रफळ किती आहे, हे लेखी मागावे.

दोन सेल झाले तरी हवेला अडथळा फारसा वाढला नाही आणि ब्लोअर तोच चालला. कापडी फिल्टर या तेलाने केव्हाच बुजला असता.

जूनमध्ये मात्र आतून चटचट आवाज येऊ लागला आणि पॉवर पॅक (उच्च दाब पुरवणारा भाग) दिवसातून तीनचारदा ट्रिप होऊ लागला. सिरॅमिक इन्सुलेटरवरच्या तेलकट थराला दमट हवेची जोड मिळाली की त्यावरून विद्युतप्रवाह गळतो. मुंबईसाठी यंत्र बनवणाऱ्याने इन्सुलेटर इतके आखूड का ठेवावेत, हे मला कळलेले नाही. आता दर शनिवारी वीज बंद करून, सेल अर्थ करून (उरलेला भार जमिनीत सोडून) इन्सुलेटर पुसावे लागतात. दारातील सुरक्षा स्विच चोख आहे, दार उघडताच दाब तुटतो.

सेल धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरू नये, कारण त्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. पुस्तिकेत हे कुठेही लिहिलेले नाही आणि आमच्या एका सेलच्या कडा त्यापायी खरबरीत झाल्या. सौम्य डिटर्जंट पुरतो, पण पावसाळ्यात धुतलेला सेल दिवसभर पंख्यासमोर वाळवल्याशिवाय परत बसवता येत नाही.

सेवा देणारा फिटर जाणकार आहे आणि बोलावल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. दुसऱ्या सेलचे पैसे कोणी भरायचे, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.