तेल अवीवची ‘स्वातंत्र्य वाट’: थांबे दहा, राष्ट्राच्या जन्माचे तीन

रॉथशिल्ड बुलेवार्ड आणि हर्झल रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर तेल अवीवचा पहिला किऑस्क आहे. तिथून रस्त्यात बसवलेली सोनेरी पट्टी सुरू होते आणि साधारण एक किलोमीटरचा फेरा मारून पुन्हा रॉथशिल्डवरच, १६ क्रमांकाच्या घरापाशी संपते. हीच स्वातंत्र्य वाट. इस्रायलच्या सत्तरीला, २०१८ साली, ती खुली झाली. चालायला तिकीट नाही, ॲप फुकट आहे (मराठी नाही, इंग्रजीवर भागवावं लागतं) आणि रात्री पट्टी उजळते. रेषा सोडली नाही तर चुकायला वाव नाही.

नुसतं चालत सुटलात तर वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटपतं आणि ‘एवढंच?’ असं वाटतं. याचं कारण थांब्यांच्या निवडीत आहे. नाव स्वातंत्र्याचं असलं तरी दहांपैकी बहुतेक थांबे तेल अवीव शहराच्या जन्माचे आहेत. किऑस्क, चित्रकार नाहुम गुटमनच्या मोझेइकचं कारंजं, शहराच्या एका संस्थापकाचं म्हणजे अकिवा वाइसचं घर, शालोम टॉवर, संस्थापकांचं स्मारक, महापौर डिझेंगॉफचा घोड्यावरचा पुतळा: ही सगळी १९०९च्या वसाहतीची गोष्ट. ११ एप्रिल १९०९ रोजी ६६ कुटुंबांनी वाळूत उभं राहून शिंपल्यांच्या चिठ्ठ्या काढून प्लॉट वाटून घेतले, ती. गोष्ट छान आहे, पण त्यानंतर राष्ट्र व्हायला अजून ३९ वर्षं जायची होती. राष्ट्र कसं उभं राहिलं हे पाहायला येणाऱ्याने वेळ तीन ठिकाणी घालवावा: हगाना संग्रहालय, बँक ऑफ इस्रायलचं अभ्यागत केंद्र आणि स्वातंत्र्य सभागृह.

शहराच्या थांब्यांतला शालोम टॉवर मात्र टाळू नका. ज्या जागी हर्झलिया जिम्नॅशियम ही हिब्रू शाळा होती ती पाडून १९६५ साली हा मनोरा पुरा झाला. खालच्या मजल्यावर गुटमन आणि डेव्हिड शारिर यांची मोठी मोझेइक आहेत. दहा मिनिटं पुरतात. ॲलन्बी रस्त्यावरचं मोठं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) बाहेरूनच बघा.

हगाना संग्रहालय रॉथशिल्ड २३ला, हगानाचा नेता एलियाहू गोलोंब याच्या घरात आहे. हगाना म्हणजे १९२० साली उभी राहिलेली यहुदींची भूमिगत सशस्त्र संघटना. मे १९४८च्या अखेरीस तीच इस्रायली सैन्याचा कणा झाली. गोलोंबची खोली तळमजल्यावर आहे, पण थांबायचं ते वरच्या मजल्यांवर: शस्त्रं दडवायच्या जागा बघा. त्यांना हिब्रूत ‘स्लिक’ म्हणतात. तेव्हा राज्य करणाऱ्या ब्रिटिशांची झडती चुकवायला घरगुती वस्तूंत काय काय कोंबलं जाई, हे फलक न वाचताही कळतं. इथे तिकीट लागतं. सव्वा तास हाताशी ठेवा.

बँकेचं केंद्र लोक वगळतात, आणि तिथेच चुकतात. १९४८च्या पहिल्या नोटा न्यूयॉर्कमध्ये गुपचूप छापून घेतल्या गेल्या, तेव्हा राष्ट्राला नावच नव्हतं! म्हणून नोटांवर ‘अँग्लो-पॅलेस्टाइन बँक’ आणि ‘पॅलेस्टाइन पाउंड’ असंच आलं, आणि छापणाऱ्या कंपनीने स्वतःचं नावही नोटेवर घातलं नाही. १८ ऑगस्ट १९४८ला त्या चलनात आल्या. मध्यवर्ती बँक तर १९५४ची. पाउंडपासून लिरा, लिऱ्यापासून १९८०चा शेकेल आणि महागाईने तो खाल्ल्यावर १९८५चा नवा शेकेल, हा सगळा प्रवास इथे क्रमाने दिसतो. आधी वेळ ठरवून या; आयत्या वेळी दारातून परत फिरावं लागू शकतं.

आता १६ क्रमांक, म्हणजेच स्वातंत्र्य सभागृह. महापौर मेइर डिझेंगॉफने पत्नी झिनाच्या मृत्यूनंतर हे घर शहराला दिलं आणि १९३२ साली इथे कलासंग्रहालय सुरू झालं. १४ मे १९४८ला, शुक्रवारी दुपारी चार वाजता, पुढे पहिला पंतप्रधान झालेल्या बेन-गुरियनने स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथेच वाचला. चारच का? ब्रिटिशांचा अंमल मध्यरात्री संपणार होता, पण सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागणार. हीच जागा का? जाड भिंती आणि उंचावरच्या लहान खिडक्या. बॉम्बहल्ल्याची भीती होती. निमंत्रणं त्याच सकाळी गेली, वर ‘गुप्त ठेवा’ अशी सूचना. समारंभ ३२ मिनिटांचा. चर्मपत्रावर मजकूर उतरवायला वेळ मिळाला नाही, म्हणून सह्या मोकळ्या पट्टीवर झाल्या आणि मजकूर मागाहून वर जोडला गेला. ३७ सह्या करणाऱ्यांपैकी काही जण वेढलेल्या जेरुसलेममध्ये अडकले होते. त्यांच्यासाठी जागा सोडली होती. सहीच्या पट्टीवरची ही रिकामी जागा समजून घेतली की १९४८ची घाई कळते.

मोठा दोष इथेच आहे. या सभागृहाची दुरुस्ती वर्षानुवर्षं चाललेली आहे. आत प्रवेश आहे का हे निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करूनच या, नाहीतर वाटेचा शेवट बंद दारापाशी होतो. उघडं असलं तरी मूळ दस्तऐवज इथे मिळणार नाही, तो राष्ट्रीय अभिलेखागारात असतो.

दुसरा दोष ॲपने भरून निघणारा नाही. थांब्यांत जाफा नाही. दक्षिणेला पायी अर्ध्या-पाऊण तासावरचं हे तेव्हाचं अरब शहर १३ मे १९४८ला, म्हणजे जाहीरनाम्याच्या आदल्याच दिवशी, शरण आलं. बहुसंख्य रहिवासी तोवर निघून गेले होते. सोनेरी पट्टी संपल्यावर तिथपर्यंत चालत गेल्याशिवाय ही वाट अर्धीच राहते.

रविवार ते गुरुवार सकाळी निघा. शुक्रवारी दुपारनंतर शनिवार संध्याकाळपर्यंत दारं बंद आणि लाइट रेलही बंद. इतर दिवशी लाल मार्गाचं ॲलन्बी स्थानक सोयीचं. उन्हाळ्यात पाण्याची बाटली हवीच. रॉथशिल्डच्या मधल्या झाडांखालच्या पट्ट्यात सायकली आणि ई-स्कूटर जोरात येतात, तेव्हा पट्टीवर नजर ठेवून चालताना मागेही बघत राहा.