‘गेट्झ/जिल्बेर्तो’: काही महिने सतत ऐकल्यानंतर

जाझ आणि ब्राझीलचा बोसा नोव्हा एकत्र आणणारा हा अल्बम घेणाऱ्या बहुतेकांना त्यातलं एकच गाणं आधीपासून ठाऊक असतं, ‘द गर्ल फ्रॉम इपनेमा’. सुरुवातीचे आठवडे तेच वाजत राहतं. मग बाकीची सात गाणी एकेक करून वर येतात. काही महिन्यांनी सगळ्यांत जास्त लावली जातात ती ‘पारा माशुकार मेउ कोरासाँव’ आणि ‘ओ ग्रांदे आमोर’, आणि कान सॅक्सोफोनवरून गिटारकडे वळलेला असतो. साठ वर्षांनंतरही हा अल्बम का टिकून आहे, याचं माझ्या मते खरं उत्तर त्या गिटारमध्ये आहे.

ध्वनिमुद्रण १८ आणि १९ मार्च १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत झालं. निर्माता क्रीड टेलर, ध्वनिमुद्रक फिल रामोन. व्हर्व या रेकॉर्ड कंपनीने अल्बम १९६४ साली काढला. टेनर सॅक्सवर स्टॅन गेट्झ, गिटार आणि गायन जोआव जिल्बेर्तो, पियानोवर अंतोनियो कार्लोस जोबिम, ड्रम्सवर मिल्टन बनाना. बास सेबास्तियाव नेतो यांनी वाजवला, पण मूळ आवरणावर टॉमी विल्यम्स यांचं नाव छापलं गेलं. दोन गाण्यांत इंग्रजी ओळी गाणाऱ्या अस्त्रुद जिल्बेर्तो यांचं नाव तर मुखपृष्ठावर नव्हतंच, आणि जगाला आवाज लक्षात राहिला तो त्यांचाच.

आता गिटार. जोआव यांचा अंगठा खर्जाच्या जाड तारांवर दोन मात्रांचा सरळ ठोका धरतो. सांबा या ब्राझिली नृत्यसंगीतामध्ये सुर्दो हा मोठा ढोल जे काम करतो, तेच. उरलेली बोटं एकाच वेळी तारा ओढून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवतात, पण ठोक्यावर नाही, त्याच्या जरा आधी किंवा नंतर. सांबातल्या तांबोरिं या छोट्या चर्मवाद्याचा तो लयबंध आहे. म्हणजे संपूर्ण तालवाद्यवृंद एका हातात आला. त्यावर आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, कंप न देता, आणि गिटारच्या लयीपासून मोकळा. ओळ कधी उशिरा सुटते, कधी आधीच येऊन पोहोचते, गिटार मात्र तसूभर हलत नाही. ठेका स्थिर आणि गायक त्यावर मागेपुढे खेळतो, हे ठुमरी ऐकणाऱ्याला लगेच उमगेल.

हे पकडायचं असेल तर ‘दोरालिसे’ घ्या. पावणेतीन मिनिटांचंच आहे. पहिल्यांदा फक्त अंगठा ऐका, दुसऱ्यांदा फक्त बाकी बोटांची कॉर्ड, तिसऱ्यांदा आवाज. मग ‘देसाफिनादो’ लावा. त्यात दुसऱ्या कॉर्डवर चाल मुद्दाम अशा स्वरावर टेकते की तो उतरलेला वाटतो. कुणी जोर लावून गायलं तर ते बेसूर ठरेल. इथे इतक्या हलक्या हाताने ठेवलंय की पुढच्या वेळी कान त्याच स्वराची वाट पाहतो.

‘इपनेमा’ ज्यांनी रेडिओवरच ऐकलंय त्यांनी ते पूर्ण ऐकावं. अल्बमवर ते ५ मिनिटं २४ सेकंदांचं आहे. सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, काढताना जोआव यांचं पोर्तुगीज गायन कापून ते तीन मिनिटांच्या आत बसवलं. कापलेला भाग हाच गाण्याचा पाया आहे. त्यानंतर अस्त्रुद यांचा सपाट, कोवळा स्वर येतो तेव्हा त्याचा परिणाम दुप्पट होतो. मधला भाग नेहमीच्या ८ ऐवजी १६ बारचा (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) आहे, आणि त्यात तोच तुकडा तीनदा येतो, दर वेळी वर चढत. जोबिम यांचा पियानो तर इतका काटकसरी की एकेक स्वर मोजून टाकलेला.

तक्रारीही आहेत. गेट्झ यांचा सॅक्स सुंदर आहे, फुंकरीतला श्वाससुद्धा ऐकू येतो, पण बाकीच्यांच्या मानाने तो फार पुढे आहे. म्हणून आवाजाची पातळी सॅक्सवर ठरवू नका. जोआव यांचे शब्द स्पष्ट कळतील इतकी ठेवा आणि सॅक्स थोडा मोठा वाटला तर वाटू द्या. ‘सो दान्सो सांबा’ चालीने तोकडं आहे. तिथे सोलोसाठीच थांबायचं.

ऐकताना घोळ होतो तो बहुधा बास वाढवल्याने. अंगठ्याचा ठोका आणि डबल बास एकमेकांत मिसळून जाड होतात आणि सगळी लयच चिखलात जाते. इक्वलायझर बंद ठेवा. स्टिरिओत वाद्यं डावी-उजवीकडे ठळक वेगळी ठेवली आहेत, त्यामुळे हेडफोनवर बराच वेळ ऐकलं की शीण येतो. फोनमधलं मोनोचं (दोन्ही कानांत एकच आवाज देणारं) सेटिंग चालू केलं की बरं वाटतं. वेगवेगळ्या आवृत्त्यांत डावी-उजवी बाजू उलटलेली आढळते, तेव्हा दोन प्रती जुळल्या नाहीत तर स्पीकरच्या वायरींना दोष देऊ नका. ५० वर्षांनिमित्त २०१४ मध्ये निघालेल्या सीडीत मोनो आणि स्टिरिओ दोन्ही आहेत. एकच घ्यायची तर ती घ्या.

तबकडी घेणार असाल तर एका बाजूला जेमतेम १७ मिनिटं आहेत, त्यामुळे खाचा दाटीवाटीच्या नाहीत. अडचण वेगळीच. संगीत इतक्या हळू आवाजातलं आहे की धुळीचा प्रत्येक कडकडाट ऐकू येतो, विशेषतः दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, जिथे ‘कोर्कोवादो’मध्ये मंद गिटारवर अस्त्रुद गायला लागतात. दर वेळी कार्बन ब्रश फिरवा, सुई साफ ठेवा, आणि जुनी प्रत घेताना नेमकी तीच जागा वाजवून पाहा. ४५ आरपीएमच्या, म्हणजे जास्त वेगाने फिरणाऱ्या, दोन तबकड्यांची महाग आवृत्तीही मिळते, पण दर दोन गाण्यांनी उठावं लागतं, आणि हा ३४ मिनिटांचा अल्बम सलग ऐकण्यातच मजा आहे.

गिटारची गोडी लागली की पुढे जोआव जिल्बेर्तो यांचा १९७३ सालचा, त्यांच्याच नावाचा अल्बम ऐका. त्यात सॅक्स नाही, पियानो नाही. जवळपास सगळं गिटार, आवाज आणि हलकं तालवाद्य एवढ्यावरच उभं आहे, आणि अंगठ्याचा ठोका तिथे अगदी उघडा ऐकायला मिळतो.