आजीच्या नावावर खपवलेला ‘सागवानी’ आरसा

स्वीडनमध्ये जुनं फर्निचर ऑनलाइन घेणाऱ्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचा. ज्याने मला गंडवलं, त्याच्या जाहिराती अजून चालू आहेत.

माल्मोत घर लावताना एक भिंतीवरचा आरसा दिसला. सागवानी चौकट, १९५० च्या दशकातला, लक्सस कंपनी, डिझाइन उनो आणि ओस्टेन क्रिस्तियान्सन यांचं. ही नावं वजनदार आहेत. व्हित्शो हे इथल्याच स्कोने प्रांतातलं छोटं गाव. तिथल्या लक्सससाठी या दोघांनी आरसे आणि दिवे केले. नक्षी नाही, मुलामा नाही, सगळी गंमत सांध्यांत आणि लाकडाच्या रेषांत. साग तेव्हा सयाम-ब्रह्मदेशातून उत्तरेकडे यायचा. डॅनिश ईस्ट एशियाटिक कंपनीचा तर सयाममध्ये सागाचा मोठा धंदा होता. इतक्या लांब आपल्या ओळखीचं लाकूड दिसलं की मराठी माणूस पाघळतोच.

विक्रेता म्हणाला, ‘आजी गेली, घर रिकामं करतोय.’ मागच्या बाजूचा फोटो मागितला, तर फक्त लेबलाचा आला. साडेचार हजार क्रोनर ‘स्विश’ या मोबाइल पेमेंट अ‍ॅपने आधीच गेले होते.

पार्सल उघडलं आणि पॉलिशचा भपकारा आला. ओलं फडकं फिरवलं तर फडकं तपकिरी. काच बसते त्या खाचेत नखाने खरवडलं, तर खाली पांढरट लाकूड. याला साग म्हणणाऱ्याने साग पाहिला नसावा, किंवा गिऱ्हाईकाने पाहिला नसेल अशी त्याची खात्री असावी. पाठीला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड, जो १९५० च्या दशकात बाजारात नव्हताच, आणि तो ठोकलाय चकचकीत स्टेपलर पिनांनी. लेबल चहात बुचकळल्यासारखं पिवळं. त्याला ओलं बोट लावलं आणि अक्षरं फुटली. इंकजेटची छपाई!

अस्सल जुन्या आरशाला मागे बहुधा हार्डबोर्ड किंवा प्लायवूड असतं, खिळे बारीक आणि काळवंडलेले. काचेच्या कडेला चांदीचा थर खराब होऊन काळे ठिपके पडलेले असतात. ठिपके नसले म्हणजे माल खोटाच असंही नाही, काच मध्ये कधीतरी बदललेली असू शकते. चौकट आणि पाठ मात्र सहसा खोटं बोलत नाहीत. म्हणून पूर्ण मागच्या बाजूचा, चारही कोपऱ्यांचा फोटो मागा. टाळाटाळ झाली की व्यवहार सोडा.

आता त्या आजीचं. त्याचं प्रोफाइल नीट पाहिलं तर तीच भिंत, तसेच आरसे, आणि दर जाहिरातीत वेगळी आजी. हा उघड उघड धंदा आहे. धंदेवाल्याकडून ऑनलाइन घेतलं तर 14 दिवसांत माल परत करता येतो, शिवाय ग्राहक तक्रार मंडळाकडे, म्हणजे ‘आर्न’कडे, जाता येतं. दोन खासगी माणसांतला वाद आर्न घेत नाही. आजी मध्ये आणायची ती यासाठीच. तरी खासगी विक्रीतही वस्तू वर्णनाप्रमाणे असायला हवी, तो कायदा सुटत नाही. ‘मी खासगी विक्रेता, बघून घ्यायचं होतं’ एवढं बोलून त्याने मला ब्लॉक केलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे, निकाल लागायचा आहे. पैसे पाठवण्याआधी जाहिरातीचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी तक्रारीला जोडले ते हेच, कारण मूळ जाहिरात त्याने त्याच रात्री उडवली.