यूव्ही कोटिंग: दीड वर्ष लाइनवर वापरल्यानंतर

मी रबरी प्रोफाइलच्या लाइनवर शिफ्ट सांभाळतो. गाडीच्या काचेच्या कडेला जी काळी ईपीडीएम या रबराची पट्टी असते, ती आमच्याकडे निघते. काच वरखाली होताना करकरू नये म्हणून तिच्यावर घसरता थर द्यावा लागतो. पूर्वी तो सॉल्व्हंटमधला होता, ओव्हनमध्ये सुकायचा. दीड वर्षापूर्वी आम्ही यूव्हीवर, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली पक्क्या होणाऱ्या कोटिंगवर आलो.

विकायला आलेली मंडळी सारखी वेगाबद्दल बोलत होती. खोटं नाही, दिव्याखालून पट्टी सरकली की सेकंदभरात थर पक्का होतो. पण आमची लाइन काही त्यामुळे पळायला लागली नाही, तिचा वेग आजही व्हल्कनायझेशनच, म्हणजे रबर तापवून पक्कं करणंच, ठरवतं. फायदा झाला तो दुसरीकडेच. पट्टी मिनिटाला 15 मीटर चालते आणि कोटिंगच्या जुन्या ओव्हनमध्ये 4 मिनिटं असायची. म्हणजे कधीही बघा, 60 मीटर माल आत. स्प्रेगनचं तोंड अर्धवट बुजलं तर ते कळेपर्यंत तेवढी पट्टी भंगारात. आता दिव्याच्या पलीकडे उभं राहून बोट फिरवलं की जागच्या जागी कळतं. रिजेक्शन कमी झालं ते यामुळे.

सॉल्व्हंटचा वास गेला, शिफ्ट सुटताना डोकं जड व्हायचं तेही थांबलं. मात्र वास नाही म्हणून हातमोजे काढून काम करणाऱ्यांवर मी ओरडतो. कोटिंगमधलं न पिकलेलं, म्हणजे पक्कं न झालेलं अ‍ॅक्रिलेट कातडीला लागत राहिलं की अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते.

पहिले दोन महिने मात्र जीव मेटाकुटीला आला. थर नखानं सोलून निघायचा. दोष कोटिंगचा नव्हता. ईपीडीएमवर सहजासहजी काही चिकटत नाही आणि वरून त्याच्या आतलं तेल, मेण पृष्ठभागावर येत राहतं. आधी कोरोना ट्रीटमेंट लावली, म्हणजे विजेच्या झोतानं पृष्ठभाग चिकटण्याजोगा करून घेतला, आणि डाइन पेननं (पृष्ठभाग कोटिंग धरेल का ते दाखवणाऱ्या शाईच्या पेननं) रेघ मारून तपासायची सवय लावली, तेव्हा पकड आली. मग नवीन तक्रार: थर आतून पक्का, वरून चिकट. आमचा दिवा 395 नॅनोमीटरचा एलईडी आहे. तो बटण दाबताच पेटतो, पाऱ्याच्या दिव्यासारखं तापायची वाट बघावी लागत नाही. पण वरचा पापुद्रा पटकन पिकवणारी लहान तरंगलांबीची किरणं त्यात नसतात, आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच आडवा येतो. दिव्याखाली नायट्रोजन सोडल्यावर चिकटपणा गेला. नायट्रोजनचा खर्च आधी कुणी बोललंच नव्हतं.

पहिल्या डब्यातलं कोटिंग फार कडक होतं, पट्टी ताणली की बारीक तडे जायचे. लवचीक युरेथेन अ‍ॅक्रिलेटचं मागवलं, तेव्हा सुटलं. म्हणून नमुना घेताना तो ताणून बघा, नुसती चमक बघू नका.

सरळ, लांब प्रोफाइल काढणाऱ्यांनी जरूर घ्यावं. साच्यातले खाचाखोचांचे भाग करत असाल तर मी ओव्हनच ठेवा म्हणेन. प्रकाश वळसा घेत नाही. आमच्या पट्टीच्या एका साध्या दुमडीपोटी दुसरा दिवा तिरका लावावा लागला.