पन्नाशीकडे झुकताना ताकद कमवायची: बारबेल, मशीन, तालीम की घरचे डंबेल?

चाळिशी ओलांडलेला माणूस व्यायामाचं विचारतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला पोट कमी करायचं असतं. हा लेख त्यासाठी नाही. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो, 14.2 किलो गॅस आणि वर जवळपास तेवढंच लोखंड. तो दारातून ओट्याखाली नेताना ज्यांचा हात आपोआप कमरेवर जातो आणि ज्यांना हे बदलायचंय, किंवा ज्यांनी शंभर किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं, मनात धरलाय, त्यांनी नेमकं काय लावावं, एवढाच प्रश्न आहे.

उशीर झालाय का? नाही, पण घड्याळ चालू आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात, साठीनंतर घट वाढते आणि ताकद त्याहून वेगाने उतरते. रोजच्या फेरफटक्याने ही घट थांबत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत चालण्या-पळण्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम वेगळा सांगितलाय. आणि ‘आता काय वय राहिलंय’ म्हणणाऱ्यांसाठी: 1990 साली अमेरिकेत नव्वदीच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती.

माझा कौल आधीच देतो. ध्येय ताकदीचं असेल, तब्येतीत मोठी भानगड नसेल आणि शिकवणारा माणूस मिळत असेल, तर बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या (प्लेट) लावायचा लांब लोखंडी दांडा (बार). बाकीचे पर्याय वाईट नाहीत, त्यांची कामं वेगळी आहेत.

बारबेल: शिकायला वेळ, वाढीला सोपा

पुरुषांचा बार 20 किलोचा, बायकांचा 15 चा. चांगल्या जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो वाढतात. मध्यमवयात सगळा खेळ या छोट्या पायरीचा आहे. हालचाल अंगवळणी पडल्यावर चाळीस किलोच्या डेडलिफ्टने सुरुवात करून आठवड्याला अडीच किलो चढवत गेलात तर तीन महिन्यांत सत्तरवर पोचता, आणि कुठल्याच दिवशी अंगाला धक्का बसत नाही. पुढे वाढ मंदावते, मग आठवड्याऐवजी महिन्याचा हिशेब ठेवायचा. वर्षअखेर स्वतःच्या वजनाइतका डेडलिफ्ट ही बहुतेक निरोगी पुरुषांसाठी वाजवी अपेक्षा आहे. त्यापुढचे आकडे शरीर, झोप आणि चिकाटीवर.

शिकायचं म्हणजे काय, तर बार बुटाच्या लेसवर, नडगीला जवळजवळ टेकलेला. आधी कंबर मागे जाते, मग गुडघे वाकतात. बगलेत वर्तमानपत्र धरल्यासारखे दंड आवळायचे, पोटात हवा भरून पोट घट्ट करायचं आणि हाताने न ओढता पायाने जमीन ढकलायची. बार वर येताना मांडीला घासत आला पाहिजे. तो चार बोटं पुढे गेला की सगळा भार कंबरेवर येतो आणि उसण भरते ती याच चार बोटांमुळे. हे अंगवळणी पडायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात वजन हलकंच हवं, कारण स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे मागे राहतात. विशीतल्या पोराला हे खपून जातं, पंचेचाळिशीत कोपर आणि खांदा महिनोन्महिने कुरकुरतात.

हाडांच्या बाबतीत बारबेल सरळ पुढे आहे. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या बायकांवर एक चाचणी झाली. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षक समोर उभा. पहिला महिना फक्त शिकण्याचा, मग डेडलिफ्ट, स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन बसणं-उठणं) आणि ओव्हरहेड प्रेस (बार खांद्यावरून डोक्यावर ढकलणं), पाच रेपचे पाच सेट, म्हणजे सलग पाचदा, असं पाच वेळा, आणि वजन जेमतेम एकदाच उचलता येईल त्याच्या 80 टक्क्यांच्या वर, जोडीला उड्यांचा एक व्यायाम. आठ महिन्यांनी त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे 3 टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. ‘बायकांनी जड उचलू नये’ हे ज्यांना घरात ऐकावं लागतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. मात्र यातला समोर उभा असलेला प्रशिक्षक विसरू नये.

इथेच एक फाटा फुटतो. बारबेलमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस (आडवं पडून बार छातीवरून ढकलणं), डेडलिफ्ट हे पॉवरलिफ्टिंग, आणि स्नॅच (बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर), क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) हे ऑलिम्पिक वेटलिफ्टिंग. दुसरं पाहायला जास्त देखणं, आणि सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात 55 किलो गटात रौप्य आणल्यापासून आपल्याकडे त्याचं आकर्षणही वाढलंय. पण त्याच स्पर्धेत क्लीन अँड जर्क करताना त्याचं कोपर दुखावलं होतं, आणि तो तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा, लहानपणापासून तयार झालेला खेळाडू. डोक्यावर वेगाने बार नेऊन त्याखाली उकिडवं बसायला घोटे, खांदे आणि मनगटं मोकळी लागतात. वीस वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाने ताकदीची सुरुवात तिथून करू नये. हौस असेल तर वर्षभराने, हलक्या बारवर.

मशीन: आकड्याला भुलू नका

लेग प्रेस (पायाने ढकलायचं), चेस्ट प्रेस (छातीसमोर ढकलायचं), लॅट पुलडाउन (वरून खाली ओढायचं). बसायचं, खुंटी हव्या त्या भोकात घालायची आणि ढकलायचं. तोल सांभाळायचा नाही, कोणी मागे उभं लागत नाही, शेवटचा रेप अडकला तरी वजन अंगावर येत नाही. ज्यांचा गुडघा किंवा कंबर आधीच बोलतेय, ज्यांना तोलाची भीती आहे, त्यांच्यासाठी पहिले तीन-चार महिने मशीन उत्तम. स्नायू भरण्यातही ती बारबेलपेक्षा फार मागे नाही.

अडचण आकड्याची आहे. लेग प्रेसची गाडी तिरप्या रुळावर चालते, पुलडाउनचं वजन पुलीवरून येतं. त्यामुळे लेग प्रेसवरचे 120 किलो आणि स्क्वॉटमध्ये पाठीवर घेतलेले 120 किलो यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि एका जिमचा आकडा दुसऱ्या जिममध्ये लागू पडत नाही. शिवाय ताकद ज्या हालचालीत कमावली त्याच हालचालीत जास्त दिसते. सिलिंडर उचलताना पाठीला टेकायला गादी नसते. जिमवाले नवख्याला मशीनवर पिटाळतात यात त्यांचीही सोय असते. एका ट्रेनरला एकाच वेळी दहा जणांवर नजर ठेवता येते, डेडलिफ्ट शिकवताना एकाच माणसावर अर्धा तास जातो.

तालीम

कोल्हापूर-सांगलीकडे, किंवा पुण्याच्या जुन्या पेठांत राहत असाल तर हा पर्याय खरा आहे. जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल (खांद्याभोवती फिरवायची जड लाकडी गदा). फी नगण्य, सोबत भरपूर, आणि वस्ताद सकाळी वाट बघतोय या धाकाने जाणं होतं, हा फायदा कमी लेखू नये. मुद्गल फिरवणं तर कीबोर्डवर वाकलेल्या खांद्यांना मी कुठल्याही स्ट्रेचिंगच्या वर ठेवीन.

पण पन्नास बैठकांच्या दोनशे झाल्या की वाढतो तो दम. उचललेलं वजन तेच, आपलं स्वतःचं. ताकदीला वाढता भार लागतो आणि तो इथे सहज मिळत नाही. टाचा उचलून, झपाट्याने मारलेल्या बैठका पंचेचाळिशीतल्या गुडघ्याला मानवतीलच असंही नाही. टाच जमिनीवर ठेवून, सावकाश, कमी मारा. बऱ्याच जुन्या तालमी पुरुषांच्याच आहेत. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या ठिकाणी मुली आणि बायका शिकतात, पण तिथला भर मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सवर. आणि तालमीचा खुराक, तो तूप-बदामाचा, दोन वेळा मेहनत करणाऱ्या पैलवानासाठी आहे. आपला कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून ठरवा.

घरी

डंबेल आणि रबरी बँड घरात येतात, लाज वाटत नाही, वेळ वाचतो. पण पाच किलोच्या डंबेलवरून साडेसातवर जाणं म्हणजे एका उडीत दीडपट, तेही दुखऱ्या खांद्यावर. पायांना तर दोन-तीन महिन्यांत घरातलं सगळं वजन हलकं पडतं. बँडचा ताण मोजता येत नाही. प्रवासात, पावसाळ्यात, किंवा जिमची पायरी चढायचं धैर्य गोळा होईपर्यंत ठीक.

काहीही लावा, हे आधी बघा

जड उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब क्षणभर खूप वर जातो. बीपी ताब्यात नसेल तर आधी तो आणा, मग वजन, आणि उचलताना श्वास सोडायला शिका. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय जड वजनाला हात लावू नका. ही गोष्ट जिमच्या फॉर्मवर कोणी विचारत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामानंतर साखर खाली येऊ शकते. हर्निया असेल तर सर्जनला दाखवल्याशिवाय डेडलिफ्ट नाही.

जेवणाचं गणितही यातच येतं. भारतीय प्रौढासाठी शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे, वजन उचलणाऱ्याला साधारण 1.2 ते 1.6 लागतात. सत्तर किलोच्या माणसाला किमान 84 ग्रॅम. वाटीभर वरणात पाच-सात ग्रॅम धरा, म्हणजे दोन्ही वेळचं वरण-पोळी-दही जेमतेम पन्नाशी गाठतं. उरलेलं अंडी, पनीर, सोयाबीन, मासे यांतून भरायला हवं, नाहीतर बारबेल काय आणि मशीन काय.

तर निवड अशी. पंचेचाळीसचे, तब्येत ठीक, आठवड्यातून तीन संध्याकाळी मोकळे: बारबेल. जिम निवडताना रॅक (बार टेकवायचा लोखंडी सांगाडा) आहे का बघा आणि पहिल्या दिवशी रिकाम्या बारने सुरुवात करून देतात का ते विचारा. पहिल्याच तासाला प्लेट चढवणाऱ्याकडे पैसे भरू नका. पंचावन्नच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईंनी तीन महिने मशीन करावं, जोडीला छातीशी एक डंबेल धरून खुर्चीपर्यंत बसणं-उठणं, आणि मग 15 किलोचा बार. तालीम जवळ असलेल्यांनी सकाळचा मुद्गल सोडू नये, आठवड्यातले दोन दिवस मात्र लोखंडाला द्यावेत. घराबाहेर पडणं शक्यच नसेल तर सुटे होणारे, वजन बदलता येणारे डंबेल घ्या. एकाच वजनाची जोडी महिन्याभरात कपडे वाळत घालायच्या कामाला येते.

आणि स्पर्धेची खुमखुमी असेल तर निवड आपोआपच होते. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगमध्ये मास्टर्स गट चाळिशीपासून सुरू होतात, 40 ते 49, 50 ते 59, 60 ते 69 आणि सत्तरीपुढे वेगळा. तिथे लेग प्रेसच्या आकड्याला कोणी विचारत नाही.