मधल्या जोड्या आणि ऑड्स काढायचं ॲप: आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले फोनवर पोकरचं एक फुकटचं ऑड्स कॅल्क्युलेटर वापरतोय, नाव घेत नाही, असली दहा मिळतील, सगळ्यांचं काम एकच, आपली दोन पानं टाकायची, समोरच्याची टाकायची, जिंकायची टक्केवारी बघायची. आमचा कोल्हापुरात राजारामपुरीत शनिवारी रात्री सहा जणांचा होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, असा पोकर) असतो, पैसे लावत नाही, प्रत्येकाला 10,000 चे चिप्स आणि पहिला बाहेर पडेल त्यानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गंगावेशच्या कट्ट्यावर सगळ्यांना दूध पाजायचं. खेळताना फोन खिशात, हिशोब घरी आल्यावर.

ॲप घेतलं ते सत्तीपासून दश्शीपर्यंतच्या जोड्यांसाठीच. एक्के राजे आले तर विषयच नाही, दुर्रीची जोडी टाकून द्यायला जिवावर येत नाही, पण नव्वीची जोडी आली की हातातनं सुटतच नाही बघा.

पहिले दोन महिने माझं चुकतच गेलं. नव्वीच्या जोडीला समोर कुठलीही दोन पानं असू शकतात असं धरून सरासरी 72 टक्के दिसतात, एक्का-राजाविरुद्धसुद्धा 55 च्या आसपास, मग मी धरून बसायचो. एक डाव अजून डोळ्यासमोर आहे, मी बटणवर (म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारा), हातात दोन नव्व्या, पहिल्या जागेवरनं रेज आला (बोली वाढवली), मी कॉल केला (तेवढेच चिप्स लावले), फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, बदामचा राजा, किलवरची सत्ती, चौकटची चौकी. त्यानं अर्ध्या पॉटची (मधे साठलेल्या चिप्सच्या निम्मी) बेट लावली, मी कॉल, टर्नला (चौथ्या पानावर) परत, रिव्हरला (पाचव्या पानावर) परत, दरवेळी डोक्यात तेच 55, शेवटी त्यानं राजा-राणी दाखवली. घरी येऊन फ्लॉपसकट सगळं ॲपमध्ये टाकलं तर माझे चान्स जेमतेम 9 टक्के!

तेव्हा कळलं की सुरुवातीचा आकडा पाचही पानं बघायला मिळणार असं धरून असतो, म्हणजे ऑल-इन (सगळे चिप्स लावलेले) असेल तरच तो जसाच्या तसा खरा. मागं स्टॅक (न लावलेले चिप्स) शिल्लक असला की गोष्ट वेगळी. दश्शीच्या जोडीवरसुद्धा फ्लॉपला जोडीपेक्षा एखादं मोठं पान 69 टक्के वेळा येतं, नव्वीवर 79, अठ्ठीवर जवळपास 87, आणि सेट (जोडीच्याच आकड्याचं तिसरं पान) लागतो साडेआठ वेळांत एकदा.

आता असं करतो. ब्लाइंड (पानं बघायच्या आधी दोघांनी लावायची सक्तीची बेट) 50-100 असताना 300 चा रेज आला तर दोघांकडंही त्याच्या निदान 15 पट, म्हणजे 4,500 तरी मागं असतील तरच सेटच्या आशेनं कॉल, कारण सेट लागल्यावर समोरच्याकडनं काढायला काही पाहिजे की! फ्लॉपला राजा-एक्का आला, सेट नाही, आणि समोरचा जोर लावतोय, तर एखादा कॉल ठीक, टर्नला परत आला की फोल्ड (पानं टाकून द्यायची). सगळ्यांनी फोल्ड केलं आणि मी बटणवर असलो तर मात्र स्वतः रेज करतो, सत्तीची जोडी असली तरी.

स्टॅक कमी झाल्यावर ॲप खरंच कामाला येतं. गेल्या शनिवारी ब्लाइंड 400-800, माझ्याकडं 9,000, अठ्ठीची जोडी, सरळ ऑल-इन, एक्का-राणीनं कॉल केला आणि जोडी टिकली. तिथं कॉल करून फ्लॉप बघत बसण्यात अर्थच नव्हता, आठ महिन्यांपूर्वी मी नेमकं तेच केलं असतं.

तक्रार एकच, समोरच्याकडं काय काय असू शकतं ती अख्खी रेंज यात टाकता येत नाही, एकच हात टाकावा लागतो. म्हणून वही केलीय, कोण कुठल्या जागेवरनं काय घेऊन रेज करतो ते लिहून ठेवतो आणि त्यातले चार-पाच हात एकेक करून टाकून बघतो. वेळ लागतो, पण अठ्ठी-नव्वीचा निर्णय त्याशिवाय मला घेता येत नाही.